वॉर्डातल्या नर्सनं मिडवाइफ व्हावं का? शिक्षण, काम आणि जबाबदारीबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नर्सिंग पूर्ण झालंय, तीन वर्षं मेडिकल वॉर्डात ड्यूटी केलीय, आता नर्स-मिडवाइफ, म्हणजे प्रसूती सांभाळणारी प्रशिक्षित परिचारिका, व्हावंसं वाटतंय. शिक्षणाचा मार्ग कोणता, प्रत्यक्ष काम कसं असतं, आणि प्रसूतीच्या वेळी कुणाचा जीव धोक्यात आला तर ती जबाबदारी पेलेल का. मी बरीच वर्षं लेबर रूममध्ये काम करते आहे, आता शिकवतेही. म्हणून आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पेलेल. मात्र ही जबाबदारी वॉर्डातल्यापेक्षा वेगळ्या जातीची आहे, हे आधी समजून घ्या. वॉर्डात रुग्ण आजारी म्हणूनच आलेला असतो. निदान झालेलं असतं, ऑर्डर लिहिलेली असते. ती वेळेवर आणि अचूक पाळणं, रुग्ण खालावतोय का यावर नजर ठेवणं हे आपलं कौशल्य. प्रसूतीला आलेली बाई बहुतेक वेळा आजारी नसतेच. तिचं शरीर एक मोठं काम करत असतं. ते नीट चाललंय का हे तासन्‌तास बघत राहायचं, नीट चाललंय तोवर त्यात हात घालायचा नाही, आणि बिघडायला लागलं की त्याच मिनिटाला ओळखायचं. ‘इथपर्यंत नॉर्मल, इथून पुढे नाही’ ही रेघ तुम्हाला स्वतः ओढावी लागते, आणि पहाटे तीन वाजता ती ओढताना शेजारी विचारायला कुणी असेलच असं नाही. इंजेक्शन, टाके, बाळ हातात घेणं हे कुठलीही मेहनती नर्स काही महिन्यांत शिकते. खरा वेळ जातो तो ही रेघ ओढायला शिकण्यात. प्रशिक्षण निवडताना आणि पुढे नोकरी निवडतानाही मी हाच निकष लावायला सांगेन: इथे माझा निर्णय तयार होईल का?

आता मार्गांबद्दल. जगभर साधारण दोन मार्ग आहेत. एक थेट मिडवाइफरीचा. ब्रिटनमध्ये ही तीन वर्षांची पदवी असते आणि त्यासाठी आधी नर्स असावं लागत नाही. दुसरा नर्सिंगनंतरचा, म्हणजे तुमचा. इंटरनॅशनल कॉन्फेडरेशन ऑफ मिडवाइव्ह्ज या जागतिक संघटनेच्या निकषांप्रमाणे थेट मार्गाला किमान ३ वर्षं आणि नर्सिंगनंतरच्या मार्गाला किमान १८ महिने हवेत, आणि त्यातला निम्मा तरी वेळ प्रत्यक्ष कामाचा असावा. अमेरिकेत नर्स-मिडवाइफला पदव्युत्तर पदवी आणि त्यावर राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा लागते. तिथे हा पेशा रुजवण्यात मेरी ब्रेकिनरिज यांचा मोठा वाटा. त्यांनी १९२५ मध्ये केंटकीच्या डोंगराळ भागात सुरू केलेल्या सेवेतल्या नर्स-मिडवाइफ घोड्यावरून घरोघरी जात. भारतात जीएनएम (नर्सिंग आणि मिडवाइफरीची पदविका) आणि बीएस्सी नर्सिंगमध्येच प्रसूतीचं शिक्षण असतं, नोंदणीही परिचारिका आणि प्रसविका अशी जोडीनं होते; पण नॉर्मल प्रसूती स्वतंत्रपणे हाताळणाऱ्या ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’साठीचा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम २०१८च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वेगळा आला.

यातला कुठलाही मार्ग धरलात तरी प्रवेशाआधी दोन गोष्टी लेखी पाहा. जिथे काम करायचंय तिथली नोंदणी करणारी नर्सिंग कौन्सिल तो अभ्यासक्रम मान्य करते का, आणि नोंदणी झाल्यावर तुम्हाला कायद्यानं नेमकं काय करता येतं. काही ठिकाणी मिडवाइफ ठरावीक औषधं स्वतः लिहून देते, काही ठिकाणी तीच औषधं डॉक्टरांच्या सहीशिवाय देता येत नाहीत. पदवीचं नाव सारखं असलं तरी रोजचं काम यामुळे पार बदलतं.

संस्था निवडताना इमारत आणि लायब्ररी बघण्यात वेळ घालवू नका. विचारा: माझ्या स्वतःच्या हातांनी किती प्रसूती होतील, आणि तेव्हा माझ्या शेजारी कोण उभं असेल? युरोपीय संघाच्या नियमात हे आकडे स्पष्ट आहेत. विद्यार्थिनीनं किमान ४० प्रसूती स्वतः कराव्यात. तेवढ्या मिळत नसतील तर किमान ३०, पण मग आणखी २० मध्ये मदत केलेली असली पाहिजे. त्याशिवाय किमान १०० गरोदर तपासण्या, १०० बाळंतिणी आणि त्यांच्या नवजात बाळांची देखरेख, आणि जोखमीच्या ४० स्त्रियांची काळजी. हे आकडे उगाच आलेले नाहीत. हात आणि डोळा तयार व्हायला तेवढी माणसं डोळ्यांसमोरून जावीच लागतात.

पण आकड्यानं फसूही नका. गर्दीच्या लेबर रूममध्ये असं होतं की डोकं दिसायला लागलं की विद्यार्थिनीला हाक मारतात, ती ग्लोव्ह्ज घालून धावत येते, बाळ हातात घेते, लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, सही होते. लॉगबुक भरतं, शिकणं मात्र होत नाही. कारण जे शिकायचं असतं ते त्याआधीच्या सात-आठ तासांत घडून गेलेलं असतं. बाई आली तेव्हा तिच्या कळा कशा होत्या, मध्येच दोन तास काहीच पुढे सरकलं नाही तेव्हा कुणी काय केलं, आणि कशामुळे पुन्हा गाडी पुढे गेली, हे तिनं पाहिलेलंच नसतं. म्हणून संस्थेतल्या जुन्या विद्यार्थिनींना गाठून विचारा, ‘एखाद्या बाईजवळ ती दाखल झाल्यापासून बाळ पाजेपर्यंत तुला बसू दिलं का?’ हो म्हणाल्या तर बाकीच्या उणिवा चालवून घ्या. आणखी एक: शिकवणाऱ्यांत स्वतः रोज प्रसूती करणाऱ्या मिडवाइफ किती आहेत हेही विचारा. फक्त डॉक्टरांकडून शिकलेली विद्यार्थिनी गुंतागुंत उत्तम ओळखते. नॉर्मलवर विश्वास ठेवायला मात्र ती नॉर्मल हाताळणाऱ्या बाईकडूनच शिकते.

शिकताना सुरुवात हातांपासून होते. पोटावर हात ठेवून बाळाची पाठ कुठल्या बाजूला, डोकं वर की खाली, ते ओटीपोटात किती उतरलंय हे सांगता आलं पाहिजे, सोनोग्राफीचा कागद न बघता. आधी हातानं ठरवा, मग कागद बघून पडताळा. उलट केलंत तर हात कधीच शिकत नाहीत. बाळाचे ठोके ऐकायला डॉप्लरचं यंत्र असलं तरी काही महिने पिनार्ड, म्हणजे साधी शिंगासारखी नळी वापरा. ती लावायची जागा सापडायला बाळाची पाठ शोधावीच लागते. आतून तपासताना गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलंय एवढंच नवीन मुली सांगतात. त्याहून बरंच काही बोटांना कळतं: तोंड जाड आहे की पातळ झालंय, नाकाच्या शेंड्यासारखं टणक आहे की ओठांसारखं मऊ, मागे आहे की पुढे आलंय, बाळाच्या डोक्यावरची फट कुठल्या दिशेला आहे. बाळाचं तोंड कुठे आहे हे या फटीवरून समजतं आणि कळा कंबरेत का मारतात याचं उत्तरही बऱ्याचदा तिथेच सापडतं.

इथे थोडं थांबून बोलते, कारण या पेशातली सगळ्यात मोठी चूक आतल्या तपासणीतून जन्माला येते. चूक म्हणजे घाई. १९५०च्या दशकात फ्रीडमन या अमेरिकन डॉक्टरांनी प्रसूतीचे आलेख काढले आणि पिशवीचं तोंड तासाला १ सेंटिमीटर तरी उघडलं पाहिजे ही समजूत त्यातून पक्की झाली. १९७२ मध्ये फिल्पॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, डॉक्टर दूर असलेल्या सुइणींसाठी, पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या आलेखावर, सावधानतेची आणि कृतीची अशा दोन रेषा आखल्या. हे साधन फार मोलाचं होतं. अडलेली बाई वेळेत पुढे पाठवली जाऊ लागली. पण पुढे तो १ सेंटिमीटरचा वेग प्रत्येक बाईला सरसकट लावला गेला आणि सगळं ठीक चालू असतानाही औषधानं कळा वाढवणं सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये हा निकष बदलला. जोरदार कळांचा टप्पा आता ५ सेंटिमीटरपासून धरतात. पहिलटकरणीत तो साधारण १२ तासांपर्यंत आणि आधी बाळंतपण झालेलीत १० तासांपर्यंत चालू शकतो, आणि केवळ वेग कमी आहे म्हणून हस्तक्षेप करायचा नाही. त्यावर आधारलेला ‘लेबर केअर गाइड’ २०२० मध्ये आला. तो कागद हातात घ्याल तेव्हा बघा, त्यात पिशवीच्या तोंडाआधी वेगळेच रकाने आहेत: सोबत कुणी आहे का, वेदनेवर काही उपाय केला का, बाई काही पितेय का, आडवीच पडून आहे का. हे रकाने वर का ठेवले असतील याचा विचार केलात तर मिडवाइफरी निम्मी समजली.

कारण नुसतं बसून राहणं हे काम आहे. दुरून बघणाऱ्याला वाटतं सिस्टर काहीच करत नाहीये. ती दर १५ ते ३० मिनिटांनी कळ संपता संपता बाळाचे ठोके पूर्ण एक मिनिट ऐकतेय. ११० ते १६० च्या आत आहेत का, कळेनंतर खाली जाऊन उशिरा वर येतायत का. ती बाईचा श्वास ऐकतेय, कळांमधलं तिचं बोलणं कमी झालंय का बघतेय, तिला उभं राहायला, कुशीवर वळायला, ओणवं व्हायला सुचवतेय, कंबर चोळतेय. अनुभव वाढला की बाईच्या आवाजावरूनच कळतं ती कुठपर्यंत आलीय. आतली तपासणी साधारण चार तासांनी पुरते. प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्यानं करून बघायची ती गोष्ट नाही, आणि विद्यार्थिनी म्हणून तुम्हाला ‘तूही बघ’ असं सांगितलं गेलं तर आधी त्या बाईला विचारा. ती नको म्हणाली तर हात मागे घ्या. प्रसूतीच्या वेळी बायकांवर ओरडणं, मारणं, न विचारता योनीमार्गाशी चीर देणं हे जगभर घडतं, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेला २०१४ मध्ये याविरुद्ध स्वतंत्र निवेदन काढावं लागलं. तुम्ही जिथे शिकाल तिथे हे दिसलं तर ती या कामाची रीत आहे असं समजू नका. रीत तुम्ही पाडायची आहे.

ढकलण्याचा टप्पा पहिलटकरणीत तीन तासांपर्यंतही जाऊ शकतो. या टप्प्यात ठोके दर ५ मिनिटांनी ऐकायचे. सरसकट चीर देण्याचे दिवस गेले. ती गरज असेल तेव्हाच. पोटावरून बाळ खाली दाबणं कुणीही, कितीही वरिष्ठ व्यक्तीनं सांगितलं तरी करू नका. त्यानं पिशवी फाटू शकते. डोकं बाहेर येताना बाईला ‘आता जोर नको, फुंकर घाल’ असं सांगून ते हळू येऊ देणं, एका हातानं डोक्याला आणि दुसऱ्या हातानं खालच्या भागाला आधार देणं, यात हाताचं कसब आहे आणि ते पुस्तकातून येत नाही. ज्या वरिष्ठ सिस्टरच्या बायकांना कमी टाके लागतात तिच्या ड्यूटीला आपली ड्यूटी लावून घ्या आणि तिचे हात बघा.

बाळ बाहेर आलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. तुमचं निम्मं लक्ष आईकडे हवं. दिवस भरलेल्या पिशवीतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर पिशवी घट्ट आवळली तरच त्या रक्तवाहिन्या बंद होतात. म्हणून बाळ झाल्याबरोबर, दुसरं बाळ नाही याची खात्री करून, ऑक्सिटोसिन हे पिशवी आवळणारं औषध १० युनिट द्यायचं. नाळ घाईनं कापायची नाही, १ ते ३ मिनिटं थांबायचं. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उन्हात ट्रेमध्ये पडून राहिलेलं अँपूल दिसायला तसंच दिसतं, पण ऐनवेळी पिशवी आवळत नाही. ड्यूटीवर आल्यावर मी आधी फ्रिज उघडते, मग हँडओव्हर घेते. विद्यार्थिनींनाही तीच सवय लावते.

अतिरक्तस्राव हाच तो प्रसंग ज्याला तुम्ही घाबरता, आणि घाबरायलाही हवं. ५०० मिलीलिटरच्या वर गेलं की अतिरक्तस्राव म्हणायचं, पण नजरेच्या अंदाजानं रक्त नेहमी कमीच वाटतं. चादरीत मुरलेलं, गादीखाली गेलेलं मोजलंच जात नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह या संशोधनात केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांपैकी साधारण निम्म्यांत दोनच गोष्टी बदलल्या होत्या: बाईखाली खुणा असलेली मोजपिशवी लावून रक्त मोजलं, आणि प्रमाण वाढल्याबरोबर गर्भपिशवीची मालिश, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झामिक अॅसिड, सलाईन आणि कारण शोधणारी तपासणी हे सगळं एकदम सुरू केलं, एक करून पाहू, मग दुसरं, असं नाही. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे मिळून ६० टक्क्यांनी घटलं. यात महागडं यंत्र कुठलंच नाही. वेळेत मोजणं आणि वेळेत हलणं एवढंच आहे, आणि दोन्ही नर्सच्या हातात आहे. ट्रानेक्झामिक अॅसिड १ ग्रॅम, प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत. त्यापुढे फायदा उरत नाही. वॉर्डातून येताना एक गोष्ट तुम्ही सोबत आणाल ती इथे फार कामी येईल: तरुण, धडधाकट बाईचं बीपी शेवटपर्यंत ठीक दिसतं आणि मग एकदम कोसळतं. नाडी आधी वाढते. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या जवळ गेला की मदत बोलवा, बीपी पडायची वाट बघू नका.

बाकीचे आणीबाणीचे प्रसंग विरळा असतात आणि म्हणूनच त्यांचा सराव सतत करावा लागतो. डोकं बाहेर येऊन खांदा अडकला तर वेळ घड्याळात मोठ्यानं सांगायची, पाय पोटाकडे घट्ट दुमडायचे, ओटीपोटाच्या हाडाच्या वर, बाळाच्या पाठीमागून दाब द्यायचा. बहुतेक खांदे एवढ्यानं सुटतात. नाही सुटला तर बाईला हातगुडघ्यांवर घ्यायचं. ही शेवटची युक्ती आधुनिक प्रसूतीशास्त्रात आयना मे गास्किन या अमेरिकन मिडवाइफच्या नावानं ओळखली जाते; त्या ती ग्वाटेमालातल्या सुइणींच्या परंपरेतून शिकल्या. झटक्यांचा धोका असेल, म्हणजे बीपी १६०/११० च्या घरात, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे ठिपके येतायत, तर मॅग्नेशियम सल्फेट. २००२च्या मॅगपाय चाचणीनं दाखवलं की त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो. प्रत्येक पुढच्या डोसआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, मिनिटाला किमान १६ श्वास आणि पुरेशी लघवी तपासायची, आणि त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी भरून ठेवायचं. मेडिकल वॉर्डातून आलेल्या नर्सला ही शिस्त चटकन जमते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. बाळ रडलं नाही तर पुसून, पाठ चोळून बघायचं आणि पहिल्या मिनिटाच्या आतच मास्क लावून हवा द्यायला लागायचं. १९५२ मध्ये व्हर्जिनिया अॅपगार या डॉक्टरांनी दिलेला, बाळाची स्थिती सांगणारा गुणांक एका आणि पाचव्या मिनिटाला नोंदवतात, पण श्वास द्यायचा की नाही हे ठरवायला त्या गुणांची वाट बघायची नसते. बहुतेक बाळांना छाती दाबण्याची नाही, नीट बसवलेल्या मास्कची गरज असते. मास्क गालावरून सुटतोय का हे आधी बघा.

डॉक्टरांशी नातं कसं असतं, हेही तुमच्या मनात असणार. नॉर्मल तुमचं, गुंतागुंत त्यांची, आणि मधल्या दारात दोघांचं बोलणं स्पष्ट हवं. फोनवर ‘सर, पेशंट बरी वाटत नाहीये’ असं म्हणू नका. कोण, किती आठवड्यांची, काय बदललं, केव्हापासून, मी काय केलं आणि मला तुमच्याकडून आत्ता काय हवं, या क्रमानं बोला. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं: ‘तुम्ही आत्ता यायला हवं.’ वरिष्ठांना असं सांगायला नवीन मुली कचरतात. हे वाक्य सरावाच्या बाहुलीसमोर मोठ्यानं म्हणून घ्या. बाहुलीवर टाके घालणं जितकं गरजेचं तितकंच हेही. आणि कॉल केल्याची वेळ लिहा. लेबर रूममधली प्रत्येक नोंद घड्याळातल्या वेळेसकट हवी, कारण नंतर प्रश्न आला तर काय केलं याइतकंच केव्हा केलं हेही विचारलं जातं.

लेबर रूमच्या बाहेरचं काम थोडक्यात सांगते, पण ते कमी नाही. गरोदरपणातल्या तपासण्या, बीपी, रक्त, बाळाची वाढ, कुटुंबनियोजनाचा सल्ला, स्तनपान. बाळ पहिल्या तासात छातीला लावणं हे मिडवाइफच्याच हातात असतं आणि तेवढ्या वेळेत वजन-कपडे-फोटो थांबू शकतात. बाळंतपणानंतरचे पहिले २४ तास सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात धोक्याचे. बाई ‘सुटली’ म्हणून सगळे घरचे निर्धास्त होतात आणि नर्सही पुढच्या बाईकडे वळते. पिशवी घट्ट आहे का हे हातानं बघत राहा.

जिथे एकच मिडवाइफ किंवा तिचा लहानसा गट बाईला गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत सांभाळतो, तिथे सिझेरियन आणि चिमटा-व्हॅक्यूमच्या प्रसूती थोड्या कमी होतात आणि बायका जास्त समाधानी असतात, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा एकत्र आढावा घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात दिसलंय. अशी नोकरी मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मात्र मोठ्या, भरपूर प्रसूती होणाऱ्या ठिकाणीच काढा. विरळा प्रसंग तिथेच दिसतात. कामाची चिंता करू नका. २०२१च्या जागतिक अहवालानुसार जगात ९ लाख मिडवाइफ कमी आहेत.

आता पेलण्याबद्दल. रात्रपाळ्या असतात, बारा तासांची ड्यूटी चौदावर जाते, कारण डोकं दिसत असताना बाईचा हात सोडून हँडओव्हर देता येत नाही. वाकून वाकून पाठ जाते, तेव्हा बाईची खाट हवी तेवढी उंच करायला पहिल्या दिवसापासून शिका. आणि कधीतरी बाळ पोटातच गेलेलं असतं. त्या खोलीत काय बोलायचं हे कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत. खोटी आशा लावू नका, बातमी स्पष्ट शब्दांत सांगा, ‘मला फार वाईट वाटतंय’ एवढंच म्हणा. ‘दुसरं होईल’ हे कधीही म्हणू नका. आईला बाळ बघायचं असेल, हातात घ्यायचं असेल तर तिला हवा तेवढा वेळ द्या, आणि तिला दुसऱ्या बाळांच्या रडण्यापासून दूरची खोली मिळेल असं बघा. दूध येईल हे तिला आधी सांगा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती एकटीच त्याला सामोरी जाते. त्यानंतर तुम्हालाही बोलायला कुणीतरी लागेल. चांगल्या युनिटमध्ये अशा घटनेनंतर सगळे एकत्र बसतात, काय झालं ते एकदा नीट बोलून घेतात. मुलाखतीत हे जरूर विचारा. ‘आमच्याकडे असं काही लागत नाही’ असं उत्तर आलं तर ती जागा तुमच्यासाठी नाही.

ज्यांना सतत काहीतरी करत राहावंसं वाटतं, थांबणं सहन होत नाही, त्यांना हे काम जड जातं. ज्यांना माणसाजवळ बसायला आवडतं आणि गरज पडली की आवाज चढवायची भीती वाटत नाही, त्यांना ते जमतं. तुम्ही कुठल्या आहात हे अर्ज भरण्याआधी तपासता येईल. सध्या आहात त्याच रुग्णालयात मेट्रनना विचारून चार-पाच रात्री लेबर रूममध्ये निरीक्षक म्हणून बसायची परवानगी मागा. दिवसा नको, दिवसा राउंड असतो, गर्दी असते, काही दिसत नाही. रात्री एकाच बाईजवळ, तिची परवानगी घेऊन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसा. काही करायला जाऊ नका, ग्लोव्ह्जही घालू नका. एका वहीत दर अर्ध्या तासानं लिहा: तिच्यात काय बदललं असं तुम्हाला वाटतं. सकाळी ती वही तिथल्या सिस्टरच्या नोंदींशी ताडून बघा. बदल तुमच्या लक्षात येऊ लागले असतील तर अर्ज भरा, आणि अभ्यासक्रम निवडताना अडलात तर मान्यतेची कागदपत्रं आणि लॉगबुकचा नमुना समोर ठेवून मला पुन्हा विचारा.